ऑथेल्लोला त्याचा रंग परत देणारी मार्गारेट वेबस्टर

शेक्सपिअरचा ऑथेल्लो काळा आहे. नाटककाराने त्याला काळाच लिहिला आणि त्याच्या शत्रूंच्या तोंडी त्याच्या रंगावरून शिव्याही घातल्या. तरीही १६०४ पासून पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ इंग्लंड-अमेरिकेच्या मोठ्या नाटकगृहांत ही भूमिका बहुतेक गोऱ्या नटांनीच केली. प्रयोगाआधी तोंडाला काळा रंग फासायचा, पडदा पडला की साबणाने धुऊन टाकायचा. ज्याचा रंग धुतल्याने जात नाही, त्या माणसाला मात्र त्या रंगमंचावर जागा नव्हती. पुष्कळ नाटकगृहांत तर खाली खुर्चीवरही जागा नव्हती. त्याने वर, माडीवर, वेगळे बसायचे.

हा रिवाज अमेरिकेत ज्या प्रयोगाने मोडला त्याची तारीख १९ ऑक्टोबर १९४३. ठिकाण न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचे, म्हणजे मोठ्या नाटकगृहांच्या वस्तीतले, शुबर्ट थिएटर. ऑथेल्लो झाले होते पॉल रोबसन, एका पळून आलेल्या गुलामाचे चिरंजीव. रोबसन यांचे नाव चळवळीतल्या माणसांना ठाऊक असते. पण तो प्रयोग बसवला कोणी, एवढा धोका कोणी पत्करला, हे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. ते काम मार्गारेट वेबस्टर नावाच्या बाईचे. वाचक बंधू-भगिनींनो, आज तिच्याविषयी लिहायचे आहे.

मार्गारेटबाई तोंडात चांदीचा नाही तरी रंगभूमीचा चमचा घेऊनच जन्मल्या. पणजोबा बेंजामिन वेबस्टर हे लंडनचे नामांकित नट आणि नाटकगृहांचे चालक. वडील बेन वेबस्टर वकिली शिकून नट झालेले. आई मे व्हिटी तर त्यांच्याहून प्रसिद्ध. पहिल्या महायुद्धातल्या सेवाकार्याबद्दल १९१८ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. तो मिळालेल्या पहिल्या नटींमध्ये त्यांचे नाव आहे. पुढे हिचकॉकच्या 'द लेडी व्हॅनिशेस' या १९३८ च्या चित्रपटातली हरवलेली म्हातारी त्यांनीच केली. आईबाप अमेरिकेत नाटके करत असताना १५ मार्च १९०५ रोजी न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट जन्माला आली. लहानपण गेले लंडनला.

घराणे मोठे असले की पोरांना दार आपोआप उघडते. आपल्याकडे नाटक-सिनेमात आणि राजकारणात हेच चालते, त्यात नवल नाही. पण या घरातली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मे व्हिटी बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून झगडणाऱ्या नटींच्या संघटनेत पुढे होत्या. आणि १९२९-३० च्या सुमारास इंग्लंडमधल्या नटनट्यांनी 'इक्विटी' ही आपली युनियन उभारली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या बैठका याच नवराबायकोच्या लंडनमधल्या घरी भरल्या. निर्माते पगार बुडवत, तालमीचे पैसे देत नसत, गावोगावच्या दौऱ्यावर नटांना वाऱ्यावर सोडून पळून जात. त्यावर उपाय काय, याची चर्चा या घराच्या दिवाणखान्यात झाली. ज्यांनी युनियनचे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की अशा घरातली मुले चहा देता देता कितीतरी शिकतात. मार्गारेटबाई तर तेव्हा पंचविशीत होत्या, स्वतः नटी होत्या आणि त्या कामात सामील होत्या.

नटी म्हणून त्यांचे बरे चालले होते. १९२४ मध्ये सिबिल थॉर्नडाइक यांच्या नाटकात घोळक्यातल्या बायकांत उभे राहून सुरुवात केली, पुढे ओल्ड व्हिकमध्ये शेक्सपिअर केला, गावोगाव फिरणाऱ्या कंपनीत उघड्या मैदानावरही कामे केली. पण नायिका म्हणून पोस्टरवर मोठे नाव लागेल अशी त्यांची वाट नव्हती. दिग्दर्शनाकडे त्या वळल्या त्या १९३४ मध्ये, आणि तेही कुठे, तर केंट परगण्यातल्या खेड्यापाड्यांच्या महिला मंडळांचे नाटक बसवताना. शेतकऱ्यांच्या, दुकानदारांच्या बायका घेऊन उघड्यावर शेक्सपिअरचे 'हेन्री आठवा'. शेकड्याने हौशी बायका सांभाळायच्या, त्यांच्याकडून राजेरजवाड्यांची भाषा म्हणवून घ्यायची आणि ती शेवटच्या रांगेला कळली पाहिजे! माझ्या मते बाईंची खरी शाळा हीच. पुढे मोठमोठ्या नटांना त्यांनी जे सांगितले ते हेच, की शब्दाचा अर्थ आधी स्वतःला कळू द्या, मग तो प्रेक्षकाला कळेल.

१९३७ मध्ये मॉरिस इव्हान्स या नटाने त्यांना न्यूयॉर्कला बोलावले. 'रिचर्ड दुसरा' हे नाटक तिथे कित्येक वर्षांत कोणी केले नव्हते. बाईंनी ते बसवले आणि पहिल्याच फेरीत १३३ प्रयोग झाले. दुसऱ्या वर्षी त्यांनी 'हॅम्लेट' एकही ओळ न कापता केले. नाटक इतके लांबले की मध्ये जेवणाची सुट्टी द्यावी लागे, तरी लोक परत येऊन बसत. त्या काळी ब्रॉडवेवर दिग्दर्शन हा पुरुषांचा धंदा. बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई नामवंत नटांना इकडून तिकडे उभे करते, हेच अनेकांना नवे होते. बाईंचे नाव झाले, हातात पैसा आला. इथेच थांबून आयुष्यभर राजेराण्यांची नाटके सुखाने करता आली असती.

पण त्यांनी पॉल रोबसन यांना ऑथेल्लो करायला बोलावले.

रोबसन कोण, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जन्म १८९८, प्रिन्स्टन गावात. वडील पंधराव्या वर्षी गुलामीतून पळाले आणि पुढे चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले. मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला, फुटबॉलमध्ये देशात गाजला आणि १९२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडला. याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले होते. पदवी घेऊन रोबसन एका वकिलाच्या ऑफिसात लागले. तिथल्या गोऱ्या स्टेनोने काळ्या माणसाकडून डिक्टेशन घ्यायला नकार दिला. ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला या एका वाक्यातून सगळे समजते. जास्त सांगायला नको. रोबसन यांनी वकिली सोडली, आणि मग जगाला त्यांचा आवाज मिळाला. लंडनमध्ये १९३० साली त्यांनी ऑथेल्लो एकदा केला होता. पण स्वतः रोबसन आपल्या त्या कामावर खूश नव्हते. अमेरिकेत तो करायची हिंमत तेव्हा कोणी केली नाही.

का केली नाही? नाटकाची गोष्ट आठवा. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या गोऱ्या राज्याचा काळा सेनापती. राज्यावर तुर्कांची चाल येते तेव्हा मध्यरात्री त्याला बोलावणे धाडतात. एक बडा सरदार त्याला घरी जेवायला बोलावतो, त्याच्या पराक्रमाच्या कथा कौतुकाने ऐकतो. पण त्या सरदाराची मुलगी डेस्डिमोना ऑथेल्लोशी लग्न करते, तेव्हा तोच सरदार ओरडतो की याने माझ्या मुलीवर जादूटोणा केला. लढायला हवा, जेवायलाही चालेल, पण जावई नको! बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये आंतरजातीय विवाहावर बोट ठेवले होते ते का, हे ज्यांना समजले आहे त्यांना ऑथेल्लो वेगळा समजावून सांगायला नको. पुढे इयागो नावाचा हाताखालचा माणूस ऑथेल्लोच्या मनात विष कालवतो आणि त्या विषाचा मुख्य घटक हाच असतो की तू आमच्यातला नाहीस, तुझ्यावर खरे प्रेम कोण करणार.

गोरा नट रंग फासून उभा राहिला की प्रेक्षकाला आतून माहीत असते की हा आपलाच माणूस आहे. मग ती फक्त एका संशयी नवऱ्याची गोष्ट उरते. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये या नाटकाचे 'झुंझारराव' केले. मराठी प्रेक्षकाला ते नाटक स्मरले ते मत्सराचे म्हणून, वर्णाचे म्हणून नव्हे. मार्गारेटबाईंचे म्हणणे असे की वंशाचा हा फरक नाटकाचा कणा आहे, तो काढला तर नाटक उभे राहत नाही. १९४२ मध्ये त्यांचे शेक्सपिअरवरचे पुस्तक आले, त्यातही त्यांनी हे मांडले. दया म्हणून काळ्या नटाला काम द्या, असे त्या म्हणत नव्हत्या. काळ्या नटाशिवाय हे नाटक अपुरे आहे, असे म्हणत होत्या. या दोन वाक्यांतले अंतर मोठे आहे आणि बाईंविषयी मला आदर वाटतो तो त्यामुळेच.

रंगमंचावर काळा पुरुष गोऱ्या बाईला जवळ घेणार, तिचे चुंबन घेणार आणि शेवटी तिला ठार मारणार, हे ऐकूनच निर्माते माघार घेत होते. प्रेक्षक दंगा करतील, पैसा बुडेल. म्हणून बाईंनी आधी लहान ठिकाणी करून पाहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिज गावातल्या छोट्याशा ब्रॅटल हॉलमध्ये नाटक उभे राहिले. हार्वर्ड विद्यापीठाचे ते गाव. उकाडा मरणाचा, हॉल गच्च. पडदा पडल्यावर प्रेक्षकांनी टाळ्यांबरोबर पाय आपटून इमारत हलवली. तिथून पुढचा मुक्काम प्रिन्स्टन, म्हणजे रोबसन यांचे जन्मगाव. त्या गावच्या विद्यापीठाने त्यांच्या थोरल्या भावाला काळा म्हणून प्रवेश दिला नव्हता. त्याच गावात धाकटा भाऊ सेनापती होऊन उभा राहिला आणि लोक उठून टाळ्या वाजवत राहिले. थिएटर गिल्ड या संस्थेने मग नाटक ब्रॉडवेवर आणण्याचे ठरवले.

मध्ये एक वर्ष गेले आणि ते साधे वर्ष नव्हते. अमेरिका हिटलरच्या वंशद्वेषाविरुद्ध लढत होती, आणि तिच्या स्वतःच्या फौजेत काळे आणि गोरे शिपाई वेगवेगळ्या पलटणींत होते. १९४३ च्या जूनमध्ये डेट्रॉइट शहरात वांशिक दंगल होऊन ३४ माणसे मेली, त्यात २५ काळी होती. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्याच हार्लेम वस्तीत दंगल उसळली. त्यानंतर अडीच महिन्यांनी, त्याच शहरात, हे नाटक लागले. इयागो होते होजे फेरर, डेस्डिमोना उटा हेगन. हे दोघे खऱ्या आयुष्यात नवराबायको. डेस्डिमोनाची दासी एमिलिया केली स्वतः मार्गारेटबाईंनी. दंगा झाला नाही. पडदा पुनःपुन्हा उघडावा लागला. एकूण प्रयोग झाले २९६. ब्रॉडवेवर शेक्सपिअरच्या कोणत्याही नाटकाचे सलग इतके प्रयोग ना आधी झाले होते, ना त्यानंतर झाले. पैसा बुडेल म्हणणाऱ्यांचा हिशेब चुकला!

आता तालमीतली एक गोष्ट. चरित्रे लिहिताना आपण सगळ्यांना देव करून टाकतो, म्हणून ती मुद्दाम लिहितो. मार्गारेटबाई रोबसन यांच्या अभिनयावर पूर्ण समाधानी नव्हत्या. तसे त्यांनी लिहूनही ठेवले आहे. रोबसन यांचा आवाज आणि देह यांपुढे कोणी उभे राहू शकत नव्हते, पण ते नाटकाच्या तालमीत घडलेले नट नव्हते. राग, मत्सर, वेड यांच्या चढउतारांत ते अडत. मग बाईंनी नाटकाची गती इतर पात्रांच्या हालचालींवर उभारली आणि रोबसन यांना मधल्या वृक्षासारखे स्थिर ठेवले. घराण्यात चार पिढ्यांची नटविद्या साठली होती, ती त्यांनी अशी वापरली. कोणी म्हणेल, यात बाईंचा मोठेपणा मिरवला जातो. मला तसे वाटत नाही. ज्या समाजाला तीनशे वर्षे तालमीला येऊ दिले नाही, त्यातल्या पहिल्या माणसाने आल्या दिवशी सर्व विद्या दाखवावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. संधी आधी द्यावी लागते. सफाई मागून येते. आपल्या मुलांनाही नोकरीत पहिल्या महिन्यात हेच ऐकावे लागते.

एमिलियाविषयीही थोडे लिहायला हवे. ती इयागोची बायको. नवऱ्याच्या कारस्थानाचा एक धागा नकळत तिच्याच हातून गेलेला असतो. शेवटच्या अंकात तिला सत्य उमगते आणि भरल्या लोकांत नवरा दरडावत असतानाही ती बोलत राहते. नवरा तिला तिथेच मारतो. दिग्दर्शक बाईने स्वतःसाठी ही भूमिका ठेवली, हा योगायोग असेल, नसेल.

१९४४ च्या शरद ऋतूत नाटक दौऱ्यावर निघाले, अमेरिका आणि कॅनडातल्या चाळीसहून अधिक शहरांत. अट एकच. जिथे काळ्या प्रेक्षकांना वेगळे बसवतात तिथे प्रयोग होणार नाही. त्यामुळे दक्षिणेकडची राज्ये गेली, देशाची राजधानी वॉशिंग्टन गेली, तिथले उत्पन्न गेले. पुढे ही लढाई नटांच्या युनियनने हाती घेतली. अमेरिकेतल्या 'इक्विटी'च्या कौन्सिलवर तेव्हा मार्गारेटबाई होत्या. काळ्यांना आत घेत नसलेल्या वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात १९४८ पासून युनियनच्या नटांनी काम करणे बंद केले. मालकाने नाटकगृहाचा सिनेमा करून टाकला, पण दार उघडले नाही. १९५२ मध्ये नवी व्यवस्था आली तेव्हा ते सर्वांसाठी उघडले. संप असाही असतो.

१९४५ च्या जानेवारीत बाईंनी 'टेम्पेस्ट' केले आणि त्यात कॅलिबानची भूमिका कॅनडा ली या काळ्या नटाला दिली. ली पूर्वी मुष्टियोद्धे होते. इथे मात्र मनात प्रश्न येतो. कॅलिबान म्हणजे बेटावरचा गुलाम, अर्धा पशू मानला गेलेला. काळ्या माणसाला शेक्सपिअरमध्ये दुसरी जागा दिली तीही गुलामाचीच का? दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्याची भूमी हिसकावून घेतली आणि ज्याला वर शिव्या दिल्या, त्याची बाजू काळ्या नटाच्या तोंडून ऐकताना प्रेक्षक थोडा अस्वस्थ झालाच असेल. याच कॅनडा ली यांनी पुढच्या वर्षी दुसऱ्या एका नाटकात तोंडाला पांढरा रंग फासून गोऱ्या माणसाची भूमिका केली. तीनशे वर्षांची एक परतफेड झाली म्हणायची. रोबसन, ली आणि अनेकांची पुढे फार ओढाताण झाली. ली १९५२ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी वारले.

बाकीची कामे भराभर सांगतो. १९४६ मध्ये एव्हा ल गॅलियन आणि चेरिल क्रॉफर्ड या दोघींना घेऊन बाईंनी अमेरिकन रेपर्टरी थिएटर काढले. तिन्ही चालक बायका. ते पैशाअभावी दोन वर्षांत बंद पडले. मग १९४८ मध्ये बस आणि ट्रकमधून शेक्सपिअर घेऊन शाळा-कॉलेजांच्या व्यायामशाळांत फिरणारी कंपनी काढली. खोकी उतरवा, पडदे टांगा, प्रयोग करा, पुन्हा भरा. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दिग्दर्शन करणारी पहिली बाई त्या झाल्या. पुढच्या वर्षी तिथे त्यांनी 'आइडा' बसवले, तेव्हा जेनेट कॉलिन्स ही काळी नर्तिका त्या रंगमंचावर मुख्य नर्तिका म्हणून उभी राहिली. तिथेही हा पहिलाच प्रसंग.

आणि याच काळात मागून वार झाला. अमेरिकेत कम्युनिस्टांचा बागुलबुवा उभा करून कलावंतांच्या याद्या निघत होत्या. १९५० च्या 'रेड चॅनल्स' या यादीत मार्गारेटबाईंचे नाव छापले गेले. कारण काय, तर काळ्यांच्या हक्कांसाठी, युद्धातल्या निर्वासितांसाठी, शांततेसाठी निघालेल्या समित्यांच्या पत्रकांवर त्यांची सही होती. त्याच वर्षी सरकारने रोबसन यांचा पासपोर्ट काढून घेतला. तो १९५८ मध्ये परत मिळाला. त्या वर्षी आपल्या देशात रोबसन यांची साठी साजरी करायला समिती निघाली होती, तिचे अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला होते. अमेरिकन सरकारला ते रुचले नव्हते.

१९५३ च्या मे महिन्यात सिनेटर मॅकार्थी यांच्या समितीने बाईंना बंद खोलीत चौकशीला बोलावले. आपण पक्षाच्या सभासद कधीच नव्हतो, असे त्यांनी सांगितले. जाहीर सुनावणी झाली नाही. पण नुसत्या बोलावण्याने जे व्हायचे ते झाले. फोन येईनासे झाले, कामे कमी झाली. त्या भीतीविषयी त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. घराण्याचे नाव, आईचा किताब, शेक्सपिअरचे पांडित्य, यातले काहीच त्या खोलीत कामाला आले नाही. ज्याला चौकशीचा कागद हातात पडल्याचा अनुभव आहे, त्याला हे वाचताना पोटात कसे होते ते ठाऊक आहे.

पुढची वर्षे त्या अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये येऊन जाऊन राहिल्या. नाटके केली, व्याख्याने दिली. १९६९ मध्ये त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. आत्मचरित्राला नाव दिले 'डोन्ट पुट युवर डॉटर ऑन द स्टेज', म्हणजे मुलीला नाटकात धाडू नका! ते पुस्तक आले १९७२ मध्ये, आणि त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. लग्न, संसार यांच्या वाटेला त्या गेल्या नाहीत.

ते ऑथेल्लो नाटक १९४४ मध्ये तबकड्यांवर मुद्रित झाले. रोबसन यांचा खर्जातला आवाज, फेरर यांची गोड बोलून विष पेरणारी वाणी आणि उटा हेगन, सगळे त्यात ऐकायला मिळते. एमिलियाची भूमिका मात्र तोवर एडिथ किंग यांच्याकडे गेली होती. त्यामुळे नवऱ्याच्या तलवारीपुढे सत्य सांगणारा त्या मुद्रणातला आवाज मार्गारेटबाईंचा नाही.